ओठ आणि तोंडातील दुर्मीळ गाठींचे निदान : नव्याने सुरुवात करणाऱ्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शक

तोंडात आढळणाऱ्या घातक गाठींपैकी सुमारे ९० टक्के गाठी स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडाच्या आवरणातील चपट्या पेशींचा कर्करोग) या एकाच प्रकारच्या असतात. उरलेल्या थोड्या जागेत लहान लाळग्रंथींचे ट्यूमर, मेलानोमा (रंगद्रव्य पेशींचा कर्करोग), लिम्फोमा (लसिका पेशींचा), सार्कोमा (स्नायू, हाड अशा ऊतींचा) आणि शरीरात इतरत्र असलेल्या कर्करोगाचे तोंडापर्यंत पोचलेले मेटास्टॅसिस असे बरेच काही दाटीवाटीने बसलेले असते, आणि सौम्य असूनही क्वचितच दिसणाऱ्या गाठींची यादी तर याहून लांब आहे. दंतवैद्यक, कान-नाक-घसा, शस्त्रक्रिया किंवा पॅथॉलॉजी या विषयांत नुकतेच पाऊल टाकलेल्या डॉक्टरला ही सगळी नावे पाठ असणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. माझा अनुभव असा, की नेहमीच्या निदानाशी न जुळणारी एखादी खूण आपण ओढूनताणून जुळवून घेतो, त्याच क्षणी दुर्मीळ गाठ हातातून निसटते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न मनात ठेवावा : मी जे निदान गृहीत धरले आहे, त्याच्याशी समोरची कोणती गोष्ट जुळत नाही?

पायरी १ : रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे

गाठ किती दिवसांपासून आहे, हा प्रश्न सगळेच विचारतात. ती कोणत्या गतीने वाढली, हे मात्र अनेकदा विचारायचे राहून जाते. दहा वर्षे जागच्या जागी असलेली आणि गेल्या तीन महिन्यांत दुप्पट झालेली गाठ ही दहा वर्षांची सौम्य गाठ म्हणून नोंदवली गेली, तर पुढचे सगळेच चुकते. जुन्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमात (लाळग्रंथीच्या सौम्य गाठीत) कार्सिनोमा उद्भवतो, तेव्हा बहुधा हीच हकीकत ऐकायला मिळते. रुग्णाला महिने आठवत नसतील, तर गाठ पहिल्यांदा जाणवली तेव्हा ती केवढी होती आणि कशामुळे लक्षात आली, असे विचारावे. त्यातून अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

दुखणे आणि बधिरपणा यांची चौकशी वेगवेगळी करावी. लहान, हळू वाढणारी आणि तरीही आकाराच्या मानाने फार दुखणारी टाळूची गाठ ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाची (लाळग्रंथीच्या एका घातक ट्यूमरची) शंका उत्पन्न करते, कारण हा ट्यूमर मज्जातंतूंच्या कडेकडेने पसरतो. खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूने बधिर झाली आहे आणि दाताचे, इजेचे किंवा नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेचे कारण सापडत नाही, अशा वेळी खालच्या जबड्यात मेटास्टॅसिस किंवा लिम्फोमा असण्याची शक्यता तपासून खोडून काढेपर्यंत कायम ठेवावी. रुग्ण स्वतःहून बधिरपणा सांगतोच असे नाही. 'दाढी करताना इथे काही कळत नाही' किंवा 'पाणी पिताना ओठावरून ओघळते' अशा वाक्यांतून तो कळतो.

पूर्वी कर्करोगाचा उपचार झाला आहे का, एखादा अवयव प्रत्यारोपित केला आहे का, एचआयव्हीची लागण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आहेत का, तोंड आणि डोळे सतत कोरडे पडतात का, हे प्रश्न कितीही घाई असली तरी गाळू नयेत. शोग्रेन सिंड्रोमच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ व अश्रुग्रंथींवर उलटण्याच्या विकाराच्या) रुग्णात लाळग्रंथीचा लिम्फोमा होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. 'याच जागेची गाठ आधी कोणी काढली होती का?' हा प्रश्न शेवटी आवर्जून विचारावा, आणि काढली असेल तर तिचा अहवाल, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) कुठे आहेत याचा शोध त्याच दिवशी सुरू करावा.

पायरी २ : तपासणी ठरलेल्या क्रमाने करणे

कवळी असल्यास ती काढायला सांगावी. ओठांपासून सुरुवात करून ओठांची आतली बाजू, गाल, हिरड्या, जिभेची पाठ आणि कडा, जिभेखालची जागा, कडक टाळू, मऊ टाळू आणि घशाचा दिसणारा भाग असा एकच क्रम दर वेळी पाळावा. क्रम बदलला की एखादी जागा हमखास सुटते. जिभेचे टोक कापडी गॉजने धरून जीभ बाहेर आणि बाजूला ओढल्याशिवाय तिच्या मागच्या कडा दिसत नाहीत. जिभेखालची जागा एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीखाली ठेवून दोन्ही बाजूंनी चाचपावी. त्यानंतर मानेतील लसिकाग्रंथी आणि चेहऱ्यावरील संवेदना तपासाव्यात.

ओठ नुसता पाहून भागत नाही. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत न्यावा. वरच्या ओठातली वाटाण्याएवढी गाठ डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांखाली छर्ऱ्यासारखी सरकते. अशी एक गाठ सापडली म्हणून थांबू नये. कॅनालिक्युलर ॲडेनोमा (लाळग्रंथीचीच एक सौम्य गाठ) एकाच ओठात अनेक ठिकाणी असू शकतो आणि शेजारच्या बारीक गाठी राहून गेल्या, तर पुढे तीच गाठ 'परत आली' असा समज होतो.

खालच्या ओठाच्या बाबतीत एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण ती पाळली नाही तर रक्तस्रावाशी गाठ पडते. ओठाची धमनी पृष्ठभागाकडे येताना बारीक होत जायला हवी. काही माणसांत ती तशीच जाड राहून श्लेष्मल त्वचेच्या अगदी खाली येते. तिथे बारीकसा उंचवटा दिसतो, वयस्क माणसात त्यावर व्रणही पडतो, आणि उन्हात काम केलेल्या माणसाच्या खालच्या ओठावरचा न भरणारा व्रण म्हणून त्याच्यावर कार्सिनोमाची शंका घेऊन सुरी चालवली जाते. ओठ न ताणता, बोट अलगद ठेवून काही सेकंद थांबले, तर उंचवट्याचे बाजूला होणारे बारीक ठोके कळतात. जोरात दाबले तर ते बंद होतात आणि मग काहीच कळत नाही. शंका असल्यास डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी.

निळसर किंवा लालसर उंचवट्यावर काचेची स्लाइड दाबून पाहावी. रंग फिका पडला तर रक्त वाहिन्यांत आहे असे धरता येते. फिका न पडल्यास रक्त ऊतींत उतरले आहे, किंवा रंग मेलॅनिनचा वा बाहेरून गेलेल्या द्रव्याचा आहे, असे वेगवेगळे पर्याय उरतात. गाठीचे माप मिलिमीटरमध्ये लिहावे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून, रुग्णाच्या संमतीने, छायाचित्र घ्यावे. 'सुपारीएवढी' हे वर्णन दोन महिन्यांनी तुलना करताना उपयोगी पडत नाही.

पायरी ३ : जागा काय सांगते ते वाचणे

माझ्या मते संपूर्ण निदानप्रक्रियेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा म्हणजे गाठीची जागा. इथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल.

दोन ओठांपासून सुरुवात करू. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला येणारी मऊ, निळसर, कमीजास्त होणारी गाठ बहुतेक वेळा म्युकोसिल असते, म्हणजे चावल्यामुळे लहान लाळग्रंथीची नळी फाटून साठलेला स्राव. वरच्या ओठात म्युकोसिल फार क्वचित होतो. त्यामुळे वरच्या ओठातली टणक, हलणारी, न दुखणारी गाठ ही लाळग्रंथीचा ट्यूमर आहे असे धरून चालावे. ती बहुधा सौम्य, म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा किंवा वयस्कांमध्ये कॅनालिक्युलर ॲडेनोमा निघते. खालच्या ओठात लाळग्रंथीचे ट्यूमर संख्येने कमी, पण जे होतात त्यांत घातक गाठींचे, विशेषतः म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाचे, प्रमाण जास्त. हा ट्यूमर निळसर आणि मऊ असू शकतो, म्हणून म्युकोसिल समजून काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे. ओठाच्या बाहेरच्या भागातही असाच फरक आहे : लाल भागावर, त्यातही खालच्या ओठावर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा होतो, तर बेसल सेल कार्सिनोमा प्रामुख्याने केस असलेल्या त्वचेवर आणि वरच्या ओठाच्या बाजूला दिसतो.

लाळग्रंथींबाबत एक ढोबळ नियम लक्षात ठेवावा : ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातील गाठ घातक असण्याची शक्यता मोठी. कानापुढच्या ग्रंथीतील गाठींपैकी सुमारे चौथा हिस्सा घातक असतो, तोंडातल्या लहान ग्रंथींमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते आणि जिभेखालच्या ग्रंथीत ७० टक्क्यांच्याही पुढे. जिभेखालच्या ग्रंथीतली टणक गाठ रॅन्युला (जिभेखाली लाळ साठून झालेला फुगा) म्हणून सोडून देण्याची चूक म्हणूनच महागात पडते.

टाळूवर या ग्रंथी कडक टाळूच्या मागच्या भागात, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आणि मऊ टाळूत असतात. पुढच्या भागात त्या नसतातच. कडक आणि मऊ टाळूच्या सांध्याशेजारी, एका बाजूला असलेली घुमटासारखी गाठ लाळग्रंथीचीच मानावी, आणि दाताचे गळू समजून तिला चीर देण्यापूर्वी शेजारचा दात जिवंत आहे का हे तपासावे. टाळूची श्लेष्मल त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने तिथली सौम्य गाठही हलत नाही. न हलणे हे टाळूपुरते घातकपणाचे लक्षण मानू नये. मधल्या रेषेत टाळू झडून भोक पडत असेल, तर बुरशीचा संसर्ग, क्षयरोग, सिफिलिस, पॉलिअँजायटिससह होणारा ग्रॅन्युलोमॅटोसिस (रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार) आणि कोकेनचा वापर यांच्या जोडीला एनके-टी सेल लिम्फोमाचा विचार पहिल्याच दिवशी करावा. या लिम्फोमात ऊतींचा मृत भाग इतका असतो, की एकदोन बायॉप्सींत नुसती सूज आणि मृत ऊती दिसून फसगत होते.

हिरडीवरची लाल, सहज रक्त येणारी गाठ बहुधा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा किंवा पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा या सौम्य वाढींपैकी एक असते. तोंडातील मऊ ऊतींत येणारे मेटास्टॅसिसही सर्वांत जास्त हिरडीवरच येते आणि दिसायला या तिघांसारखेच असते. तोंडातील घातक गाठींत मेटास्टॅसिसचा वाटा जेमतेम १ टक्का आहे. तरी त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्शात तोंडातली गाठ हीच मूळ कर्करोगाची पहिली खूण असते. जबड्याच्या हाडातले मेटास्टॅसिस खालच्या जबड्याच्या मागच्या भागात जास्त होते. दात काढल्यावर खळगा भरून न येता त्यातून मांसल वाढ वर येत असेल, तर तिथली ऊती खरवडून टाकून न देता तपासणीला पाठवावी.

जिभेच्या पाठीवरची, वरून जवळजवळ प्राकृत (निरोगी) दिसणारी टणक गाठ ग्रॅन्युलर सेल ट्यूमर (दाणेदार पेशींची, सहसा सौम्य गाठ) असू शकते. याचे वर्णन अब्रिकॉसॉफ यांनी १९२६ मध्ये केले. जिभेच्या पाठीच्या पुढच्या भागात एक्टोमेझेंकायमल कॉन्ड्रोमिक्सॉइड ट्यूमर हा आणखी दुर्मीळ सौम्य ट्यूमर होतो. जिभेच्या मुळाशी अगदी मध्यभागी गाठ दिसली, तर ती थायरॉइडची वाट चुकलेली ऊती नाही ना, हे स्कॅन करून पाहिल्याखेरीज तिला हात लावू नये, कारण अनेक रुग्णांत शरीरातील सगळे थायरॉइड तेवढेच असते.

नवजात बाळाच्या वरच्या हिरडीच्या पुढच्या भागावर देठ असलेली गुळगुळीत गाठ ही बहुधा कन्जेनिटल एप्युलिस असते, मुलींमध्ये कितीतरी जास्त आढळते आणि सौम्यच असते. तीच जागा, पण बाळ काही महिन्यांचे, गाठ झपाट्याने वाढणारी, हाड पोखरणारी आणि निळसर काळी असेल, तर मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर ऑफ इन्फन्सीचा विचार करावा. आणि मुलाच्या जिभेच्या टोकावर व ओठांवर अनेक बारीक मऊ गाठी असतील, ओठ जाड आणि अंगकाठी सडपातळ असेल, तर त्या गाठी सौम्य न्यूरोमा (मज्जातंतूंच्या गाठी) आहेत एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया २बी या अंतःस्रावी ग्रंथींत गाठी होणाऱ्या आनुवंशिक विकारात याच गाठी पहिली खूण असतात, आरईटी जनुकातील बदल तपासता येतो, आणि पुढे होणारा थायरॉइडचा मेड्युलरी कार्सिनोमा बालवयातच पसरू शकतो. अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमाही (रक्तदाब अचानक वाढवणारी गाठ) असू शकत असल्याने भूल देण्यापूर्वी त्याची चाचणी आवश्यक ठरते. ओठावरची तीन मिलिमीटरची गाठ ओळखल्याने एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो, असे प्रसंग या विषयात फार नसतात. हा त्यांतला एक आहे.

पायरी ४ : रंग आणि व्रण यांचा विचार

टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर नव्याने आलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला, रंगात गडद-फिके पट्टे असलेला काळा चट्टा पाहत बसू नये. तोंडातील मेलानोमा बहुसंख्य वेळा याच दोन जागी होतो आणि काही मेलानोमांत रंगद्रव्य नसते, त्यामुळे गुलाबी गाठीतही तो दडलेला असू शकतो. दाताच्या चांदीच्या भरणाचे कण हिरडीत अडकून झालेला डाग हा त्याचा सर्वांत सामान्य तोतया. एक्स-रेमध्ये धातूचे कण दिसले तर प्रश्न मिटतो, न दिसल्यास बायॉप्सी करावी. टाळूवरचे जांभळे, दाबून फिके न पडणारे चट्टे कपोसी सार्कोमाचे (रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या कर्करोगाचे) असू शकतात.

उलट दिशेची फसगतही सांगायला हवी. टाळूवर आधी सूज आणि दुखणे, मग रुग्णाच्याच शब्दांत 'टाळूचा तुकडा गळून पडला' आणि त्या जागी खोलगट व्रण, ही हकीकत नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझियाची आहे. रक्तपुरवठा तुटल्याने लाळग्रंथीचा भाग मरतो, नळ्यांच्या पेशी रूप बदलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते स्क्वॅमस किंवा म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमासारखे दिसते. १९७३ मध्ये या विकाराचे वर्णन होण्यापूर्वी अशा रुग्णांवर कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. तो सहसा पाच ते दहा आठवड्यांत आपोआप भरतो. ग्रंथीची खंडांची मूळ रचना शाबूत आहे का, हे पाहण्याएवढी मोठी बायॉप्सी असेल तरच पॅथॉलॉजिस्ट हा फरक खात्रीने सांगू शकतो.

कोणताही व्रण त्याचे संभाव्य कारण, म्हणजे टोकदार दात किंवा टोचणारी कवळी, दूर केल्यावर दोन आठवड्यांत भरू लागला नाही, तर बायॉप्सी करायची, हा नियम दुर्मीळ आणि नेहमीच्या अशा दोन्ही प्रकारांना सारखाच लागू आहे.

पायरी ५ : बायॉप्सीपूर्वी प्रतिमा

सुरी लागली की सूज येते आणि एमआरआयमधील कडा पुसट होतात. म्हणून गाठ मोठी असेल तर प्रतिमा आधी घ्यावी. ओठातील गाठीला सोनोग्राफी पुरते. हाडासाठी सीटी, मऊ ऊती आणि मज्जातंतूंसाठी एमआरआय. टाळूच्या ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमात टाळूच्या तंतूवरून टेरिगोपॅलाटाइन फॉसाकडे (वरच्या जबड्यामागच्या पोकळीकडे) आणि तिथून फोरॅमेन रोटंडम या छिद्रामार्गे कवटीच्या तळाकडे पसरण्याची वाट असते, ती पाहायची आहे असे विनंतीपत्रात स्पष्ट लिहावे. नाहीतर स्कॅन तोंडापुरताच होऊन येतो. साध्या दाताच्या एक्स-रेमध्येही एका-दोन दातांभोवतीची पेरिओडोंटल लिगामेंटची काळी रेघ सगळीकडून सारखी रुंद झालेली दिसली, तर ऑस्टिओसार्कोमाची ती सुरुवातीची खूण असू शकते. हाडाच्या आतल्या पोकळीची बायॉप्सी करण्यापूर्वी जाड सुईने ओढून पाहावे. सिरिंज रक्ताने आपोआप भरू लागली तर तिथेच थांबावे.

पायरी ६ : बायॉप्सी

निदान बिघडते ते बहुतांशी इथे, आणि बिघडण्याची कारणे अगदी साधी असतात. पहिले कारण खोली. दुर्मीळ गाठींपैकी बहुतेक श्लेष्मल त्वचेच्या खाली वाढतात, वरचे आवरण धड असते, आणि घाबरत घेतलेल्या वरवरच्या तुकड्यात फक्त तेच आवरण येते. ग्रॅन्युलर सेल ट्यूमरवरचे आवरण अनेकदा इतके जाड होते आणि त्याची मुळे इतकी खोल उतरतात, की उथळ तुकड्यात ते हुबेहूब स्क्वॅमस सेल कार्सिनोमा वाटते. मी शिकत असताना असाच एक तुकडा माझ्या हाती आला होता : जिभेची पाठ, तरुण स्त्री, तंबाखू नाही, आणि जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. मी कार्सिनोमा लिहून मोकळा झालो होतो. माझ्या शिक्षिकेने स्लाइड न पाहताच विचारले, 'जिभेच्या पाठीवर? या वयात?' आणि ब्लॉकमधून आणखी खोल सेक्शन कापून घ्यायला लावले. तळाच्या कोपऱ्यात, स्नायूंच्या दोन तंतूंमध्ये, फिकट गुलाबी दाणेदार पेशींची एक ओळ निघाली. एस-१०० डागात (मज्जातंतूंच्या कुळातील पेशी ओळखणाऱ्या रंगात) ती ओळ तपकिरी उजळली. ती ओळ त्या तुकड्यात नसती, तर अर्धी जीभ काढण्याची चर्चा सुरू झाली असती. व्हेरुकस कार्सिनोमाच्या बाबतीत याच्या उलट घडते : वरचा भाग सौम्य चामखिळीसारखा दिसतो आणि निदान तळाच्या रुंद, ढकलत जाणाऱ्या कडेवर अवलंबून असते. दोन्हींचा धडा एकच, की तुकड्यात खालची ऊती हवी.

व्रण असेल तर मधला मृत भाग टाळून उंचावलेली कड आणि शेजारची थोडी प्राकृत ऊती घ्यावी. टाळूच्या गाठीवर मध्यभागी, गाठीच्या आत शिरेल एवढा खोल पंच (गोल पात्याने कापलेला तुकडा) घ्यावा, म्हणजे पुढच्या शस्त्रक्रियेत ती जागा आपोआप काढली जाते. एक सेंटिमीटरहून लहान आणि सौम्य वाटणारी गाठ पूर्ण काढता येते. मात्र प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाचे आवरण फोडून आतला गर उकरून काढू नये, कारण सांडलेल्या पेशींतून अनेक गाठी परत येतात. भुलीचे इंजेक्शन गाठीत न देता तिच्यापासून अर्धा ते एक सेंटिमीटर दूर द्यावे. चिमट्याने तुकडा दाबू नये. लहान पेशींचे ट्यूमर आणि लिम्फोमा चिमटल्यावर पेशींचे नुसते निळे फराटे उरतात. त्यापेक्षा तुकड्याच्या कडेतून टाका घालून तो टाकाच हातात धरावा आणि त्या टाक्यानेच तुकड्याची दिशा दाखवावी. विजेच्या चाकूने तुकडा कापला, तर कडेच्या पेशी भाजून निघतात आणि लहान तुकड्यात कडेखेरीज फारसे काही उरत नाही.

तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात टाकावा. सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा कुजतो. लिम्फोमाची शंका असेल तर पॅथॉलॉजिस्टशी आधी बोलून तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनविना ताजा पाठवावा, कारण फ्लो सायटोमेट्रीला (पेशी एकेक तपासून ओळखणाऱ्या चाचणीला) जिवंत पेशी लागतात. मानेत लसिकाग्रंथी वाढलेली असल्यास तिची सुईने तपासणी त्याच भेटीत करून घेता येते.

पायरी ७ : तुकड्यासोबत जाणारा कागद

'तोंडातील गाठ, बायॉप्सी' एवढेच लिहिलेला फॉर्म मी आजही पाहतो आणि दर वेळी वाईट वाटते, कारण ज्या माणसाने रुग्णाला पाहिले त्याच्याकडची सगळी माहिती दाराबाहेरच राहिलेली असते. वय, लिंग, नेमकी जागा व बाजू, माप, कालावधी आणि वाढीची गती, दुखणे वा बधिरपणा, व्यसने, जुने आजार आणि उपचार, प्रतिमांतील निष्कर्ष, तुकडा गाठीचा भाग आहे की संपूर्ण गाठ, आणि आपल्या मनातील दोन-तीन शक्यता, एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. स्त्रीच्या जबड्यातील ॲडेनोकार्सिनोमाच्या फॉर्मवर 'आठ वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया' असे चार शब्द असतील, तर योग्य चाचण्या पहिल्याच दिवशी लागतात.

पायरी ८ : सूक्ष्मदर्शकाखाली

पहिल्या पाहणीत पेशी कोणत्या कुळातल्या हेच कळत नसेल, तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा (पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांचा) छोटा प्राथमिक संच लावावा : सायटोकेराटिन, एस-१०० किंवा सॉक्स-१०, सीडी-४५ आणि डेस्मिन. कार्सिनोमा, मेलानोमा व मज्जातंतूंच्या गाठी, लिम्फोमा आणि स्नायूंचे सार्कोमा यांची पहिली विभागणी त्याने होते. या विभागणीतही सापळे आहेत. १९९७ मध्ये वर्णन झालेला, एचआयव्ही असलेल्यांच्या तोंडात विशेषतः दिसणारा प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा सीडी-२० ला प्रतिसाद देत नाही आणि सीडी-४५ लाही अनेकदा देत नाही. सीडी-१३८ आणि एब्स्टाइन-बार विषाणूची चाचणी लावली नाही, तर तो अविकसित कार्सिनोमा म्हणून निघून जातो. नवजात बाळाच्या एप्युलिसमधील दाणेदार पेशी ग्रॅन्युलर सेल ट्यूमरसारख्याच दिसतात, पण एस-१०० ला प्रतिसाद देत नाहीत.

लाळग्रंथींच्या ट्यूमरमध्ये चेहरे एकमेकांत मिसळतात. पॉलिमॉर्फस ॲडेनोकार्सिनोमा आणि ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हे दोघेही टाळूवर होतात आणि दोघेही मज्जातंतूभोवती वेढे घालतात, पण रुग्णाचे भवितव्य फार वेगळे असते. पॉलिमॉर्फसमध्ये पेशींची केंद्रके एकसारखी आणि फिकी असतात, पी-६३ हे प्रथिन दिसते आणि पी-४० सहसा दिसत नाही; ॲडेनॉइड सिस्टिकमध्ये केंद्रके गडद व टोकदार असतात आणि एमवायबी जनुकाची जोडणी बऱ्याच रुग्णांत सापडते. म्युकोएपिडर्मॉइडमध्ये सीआरटीसी१ आणि एमएएमएल२ या जनुकांची जोडणी आढळते. २०१० मध्ये वेगळा ओळखला गेलेला सिक्रेटरी कार्सिनोमा पूर्वी ॲसिनिक सेल कार्सिनोमात मोजला जाई. त्यातील ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ यांची जोडणी महत्त्वाची आहे, कारण आजार पसरलेला असल्यास तिच्यावर नेमके काम करणारी औषधे उपलब्ध आहेत. स्वच्छ, पारदर्शक पेशींचा ट्यूमर दिसला, तर लाळग्रंथीचे नाव देण्यापूर्वी मूत्रपिंडाची प्रतिमा मागवावी. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे तोंडातील मेटास्टॅसिस असेच दिसते.

पायरी ९ : अहवाल आणि रुग्ण समोरासमोर ठेवणे

अहवाल हाती आला, की तो घेऊन पुन्हा रुग्णाकडे जावे. 'घातक पेशी आढळल्या नाहीत' हा निष्कर्ष त्या तुकड्यापुरता असतो. गाठ टणक आहे, वाढते आहे, ओठ बधिर आहे आणि अहवालात फक्त जुनाट सूज लिहिली आहे, तर तुकडा गाठीतून आलेला नाही असे समजून पुन्हा, अधिक खोल बायॉप्सी करावी. त्याआधी पॅथॉलॉजिस्टला फोन करावा. पुष्कळदा शिल्लक ब्लॉकमधून आणखी सेक्शन कापूनच उत्तर मिळते. कार्सिनोमाचे निदान आले, पण वय, जागा आणि इतिहास त्याच्याशी जुळत नसेल, तर मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावेत. यात पहिल्या पॅथॉलॉजिस्टचा अवमान नाही. दुर्मीळ गाठींमध्ये ही रीतच आहे आणि चांगला पॅथॉलॉजिस्ट स्वतःहून तसे सुचवतो.

निदान पक्के झाल्यावर टप्पा ठरवताना कोणता तक्ता वापरायचा हेही निदानावर अवलंबून असते. टीएनएमच्या (गाठ, लसिकाग्रंथी आणि मेटास्टॅसिस यांवरून टप्पा ठरवणाऱ्या पद्धतीच्या) आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कार्सिनोमासाठी गाठीची खोली ५ आणि १० मिलिमीटर या सीमांवर मोजली जाते, तर श्लेष्मल त्वचेच्या मेलानोमासाठी सर्वांत लहान गाठही टी-३ (गाठीच्या तिसऱ्या पातळी) पासूनच सुरू होते. लिम्फोमाला यांपैकी काहीच लागू नाही. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असेल तर छातीचा सीटी पहिल्याच वेळी काढून ठेवावा, म्हणजे पुढे फुप्फुसात ठिपका दिसला तर तो जुना की नवा हे सांगता येईल. हा ट्यूमर दहा-पंधरा वर्षांनीही परततो, आणि त्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी आजचा ब्लॉक हवा असतो. त्यामुळे ब्लॉकचा क्रमांक, तो कुठे ठेवला आहे ती जागा आणि अहवालाची प्रत रुग्णाच्या स्वतःच्या फाईलमध्ये लावून द्यावी, आणि ती जपून ठेवायला का सांगतो आहोत हे त्याला व त्याच्या घरच्यांना बसवून, सावकाश समजावून सांगावे.